इंजिनाच्या आवाजावरून दोषनिदान

इंजिनाच्या आवाजावरून दोषनिदान म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातून येणाऱ्या अनियमित आवाजाचे स्वरूप, लय, जागा आणि वेळ यांवरून त्यातील बिघाडाचा शोध घेणे होय. वाहन वॉरंटीच्या मुदतीत असेल तर हे निदान केवळ तांत्रिक राहत नाही. बिघाड उत्पादनातील दोषामुळे झाला, नैसर्गिक झिजेमुळे झाला की देखभालीतील हयगयीमुळे झाला, यावर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे अवलंबून असते. इंजिन पूर्ण निकामी झाल्यावर मूळ कारण दाखवणारे भाग अनेकदा वितळलेले किंवा मोडलेले असतात. त्यामुळे आवाज प्रथम ऐकू आला तेव्हाची नोंद पुढील वादात महत्त्वाचा पुरावा ठरते.

## आवाजाची निर्मिती

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. कॅमशाफ्टची गती क्रँकशाफ्टच्या निम्मी असते. इंजिन रिकाम्या गतीवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला सुमारे १३ वेळा आणि कॅमशाफ्ट ६ ते ७ वेळा फिरतो. म्हणून झडपांशी संबंधित आवाजाची लय संथ असते, तर क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला येणारा ठोका त्याच्या दुप्पट वेगाने ऐकू येतो. अनुभवी मिस्त्री आवाज ऐकून 'वरचा' की 'खालचा' असे सांगतात, त्यामागे आवाजाच्या जागेबरोबरच हा लयीतील फरकही असतो.

फिरणारे भाग आणि त्यांचे बेअरिंग यांच्यामध्ये इंजिन ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. हा थर टिकून असेपर्यंत धातू धातूला थेट घासत नाही. ऑइल कमी झाल्यास, पातळ झाल्यास किंवा त्याचा दाब उतरल्यास थर तुटतो, फट वाढते आणि ठोका सुरू होतो. इंजिनाच्या बहुतेक गंभीर आवाजांचे मूळ या एका क्रियेत सापडते.

## आवाजाचे प्रकार

### ज्वलनाशी संबंधित

नॉकिंग किंवा पिंगिंग हा पेट्रोल इंजिनातील खडखडीत, धातूवर बारीक खडे पडल्यासारखा आवाज होय. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यास तो अधिक जाणवतो. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यापूर्वीच उरलेले मिश्रण उष्णता व दाब यांमुळे आपोआप पेटते आणि दाबाची लाट भिंतींवर आदळते. कमी ऑक्टेनचे इंधन, ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, इंजिनाचे अतितापन आणि ठिणगी वेळेआधी पडणे ही त्याची कारणे आहेत. आधुनिक इंजिनांतील नॉक सेन्सर हा आवाज ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो. नॉकिंग दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टनला भेगा जातात किंवा त्याच्या कडा वितळतात.

डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटत असल्याने काही प्रमाणात खडखडाट स्वाभाविक असतो. कॉमन रेल पद्धतीत मुख्य फवाऱ्यापूर्वी इंधनाचा अल्प फवारा सोडून तो कमी केला जातो. एखाद्या डिझेल इंजिनाचा आवाज अचानक तीव्र झाला, तर प्रथम इंजेक्टर तपासतात.

### झडपांशी संबंधित

टॅपेटचा आवाज हलका, नियमित 'टिक-टिक' असा असतो. झडप आणि तिला ढकलणारा भाग यांतील अंतर वाढल्यास तो येतो. हायड्रॉलिक लिफ्टर असलेल्या इंजिनात थंड अवस्थेत काही सेकंद आवाज येऊन बंद होणे सामान्य मानले जाते. गरम झाल्यावरही तो टिकल्यास ऑइलची पातळी, दर्जा व दाब पाहावा लागतो. टायमिंग चेनचा आवाज इंजिन सुरू करताच साखळी खडखडल्यासारखा येतो. ताण देणारा टेन्शनर सैल झाला किंवा चेन लांबली, तर झडपांची वेळ चुकते. चेन दात सोडून सरकल्यास काही इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतो.

### तळभागाशी संबंधित

* कनेक्टिंग रॉडचा ठोका: जड, स्पष्ट आणि गतीबरोबर वाढणारा. ॲक्सिलरेटर सोडताच त्याचा स्वर बदलतो. रॉडच्या बेअरिंगची झीज हे त्याचे नेहमीचे कारण असून असे इंजिन चालवत राहिल्यास रॉड तुटून इंजिन ब्लॉक फुटू शकतो.
* मुख्य बेअरिंगचा ठोका: खोल व दबका. भार पडल्यावर वाढतो आणि सोबत ऑइलचा दाबही उतरलेला आढळतो.
* पिस्टन स्लॅप: थंड इंजिनात येणारा पोकळ आवाज. पिस्टन तापून प्रसरण पावल्यावर तो कमी होतो. गरम झाल्यावर नाहीसा होणारा सौम्य आवाज सहसा तातडीचा नसतो.
* गजन पिनचा आवाज: रिकाम्या गतीवर जोडीने येणारे हलके, तीक्ष्ण ठोके.

### इंजिनाबाहेरील

अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर यांच्या बेअरिंगचा घरघराट आणि सैल पट्ट्याचा चीत्कार पुष्कळदा इंजिनाचाच दोष समजला जातो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वायू गळत असल्यास येणारा आवाज टॅपेटच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की त्यावरून इंजिन अनावश्यक उघडले जाऊ शकते. सैल उष्णतारोधक पत्रा आणि झिजलेले इंजिन माउंटिंग हीही फसवी कारणे आहेत.

## तपासणीची पद्धत

तपासणी साध्या व स्वस्त कृतींपासून सुरू करून इंजिन उघडण्यापर्यंत नेली जाते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. डिपस्टिकने ऑइलची पातळी, रंग व वास पाहणे. दुधाळ रंग पाणी मिसळल्याचे, तर इंधनाचा वास इंधन मिसळल्याचे चिन्ह असते.
२. आवाज थंड की गरम अवस्थेत, भार असताना की नसताना आणि कोणत्या गतीला येतो याची नोंद करणे.
३. बाह्य उपकरणांचा पट्टा काढून इंजिन थोडा वेळ चालवणे. आवाज थांबल्यास दोष इंजिनाबाहेर असतो.
४. मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपने जागा शोधणे. अनेक गॅरेजमध्ये लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाजवळ लावून हेच काम केले जाते.
५. स्कॅनरने दोषसंकेत वाचणे. उदाहरणार्थ, पी०३०० हा संकेत अनियमित मिसफायर आणि पी०३२५ हा नॉक सेन्सरच्या विद्युतमंडलातील दोष दर्शवतो.
६. एकेका सिलिंडरचे ज्वलन बंद करून पाहणे. एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका कमी झाल्यास दोष त्याच्या रॉडमध्ये असण्याचा संभव असतो.
७. ऑइलचा दाब यांत्रिक मापकाने व सिलिंडरचा दाब कॉम्प्रेशन चाचणीने मोजणे.
८. ऑइल फिल्टर कापून व ऑइल चेंबर उघडून धातूचे कण पाहणे. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे असतात. तांबूस किंवा रुपेरी, न चिकटणारे कण बेअरिंगच्या झिजेकडे निर्देश करतात.

ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना किंवा जड ठोका येत असताना इंजिन चालवून पाहणे टाळले जाते. वाहन टो करून नेल्यास पुढील नुकसान टळते आणि बिघाडाची मूळ अवस्थाही जपली जाते.

## इंजिन निकामी होणे

इंजिन सीझ होणे, म्हणजे आतील भाग अडकून क्रँकशाफ्ट न फिरणे, ही या बिघाडांची अंतिम अवस्था होय. उघडलेल्या इंजिनातील खुणांवरून कारण बऱ्याच अंशी ओळखता येते. सर्व बेअरिंग काळवंडलेले असतील तर ऑइलचा तुटवडा किंवा पंपाचा दोष संभवतो. इतर बेअरिंग चांगले असून एकच खराब असेल, तर त्या जागेचा ऑइलमार्ग अडला आहे का किंवा जुळणी चुकली आहे का, हे पाहतात. आत घट्ट काळा गाळ साचलेला असल्यास ऑइल वेळेवर न बदलल्याचा निष्कर्ष काढला जातो. वाकलेला कनेक्टिंग रॉड आणि ओला एअर फिल्टर एकत्र आढळल्यास सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याचे, म्हणजे हायड्रोस्टॅटिक लॉक झाल्याचे मानले जाते. पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो.

## वॉरंटी

### कायदेशीर अर्थ

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मध्ये अट आणि वॉरंटी यांत भेद केला आहे. अट ही कराराच्या मुख्य हेतूसाठी अत्यावश्यक असते आणि ती मोडल्यास खरेदीदार करार नाकारू शकतो. वॉरंटी ही आनुषंगिक असते आणि ती मोडल्यास भरपाई मागता येते, परंतु माल नाकारता येत नाही. वाहनांच्या वॉरंटीपत्रातही सामान्यतः सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आश्वासन असते, संपूर्ण वाहन बदलून देण्याचे नसते. वाढीव वॉरंटी हा स्वतंत्र करार असून तिच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा वेगळ्या असू शकतात.

### वगळलेल्या बाबी

ठरावीक मुदतीत सर्व्हिसिंग न करणे, शिफारशीबाहेरचे ऑइल किंवा इंधन वापरणे, अनधिकृत फेरफार, अपघात, पूर आणि नैसर्गिक झीज या बाबी वॉरंटीतून सामान्यतः वगळलेल्या असतात. पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान हा वॉरंटीचा नव्हे, तर विम्याचा विषय आहे. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात यांत्रिक बिघाड व परिणामी नुकसान वगळलेले असते. त्यामुळे इंजिन संरक्षणाचे पूरक कलम वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते.

### बाहेरील गॅरेजमधील दुरुस्ती

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुटे भाग व तांत्रिक माहिती खुल्या बाजारात न मिळू देण्याच्या पद्धतीस स्पर्धाविरोधी ठरवले आणि एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्यात म्हटले होते. या आदेशाविरुद्ध उत्पादकांनी अपिले केली.

## महत्त्वाचे न्यायनिर्णय

मारुती उद्योग लि. विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा (२००६): वॉरंटीच्या अटीनुसार उत्पादकाची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलण्यापुरती आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला नाही. मात्र ग्राहकास ५०,००० रुपये देण्याचे निर्देश दिले.

सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया लि. (२०१०): या प्रकरणातील मुख्य तक्रार इंजिन व गिअरबॉक्समधून येणाऱ्या आवाजाचीच होती. इंजिन बदलून देण्यात आले होते आणि वाहन चालवता येणार नाही असा दुसरा मोठा दोष नव्हता, असे न्यायालयाने नमूद केले. वाहनाची स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि अंगभूत उत्पादनदोष आढळल्यास ग्राहकास वाहनाची किंमत वार्षिक १२ टक्के व्याजासह परत मिळावी, असा निर्णय २४ नोव्हेंबर २०१० रोजी देण्यात आला. केवळ आवाज येतो म्हणून किंमत परत मिळत नाही, आवाजामागील दोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध व्हावा लागतो, हे या निकालाचे सार होय.

टाटा मोटर्स लि. विरुद्ध अँटोनिओ पाउलो वाझ (२०२१): गोव्यातील या प्रकरणात २०११ चे म्हणून २००९ साली बनलेले वाहन विकल्याची तक्रार होती. उत्पादक व विक्रेता यांच्यातील संबंध स्वतंत्र व्यावसायिकांचे असल्याने, विक्रेत्याच्या कृतीची माहिती किंवा सहभाग सिद्ध झाल्याशिवाय उत्पादकास जबाबदार धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कोणत्या चुकीसाठी कोणास प्रतिवादी करावे हे ठरवताना या निकालाचा उपयोग होतो.

## तक्रारीची प्रक्रिया

वाहन कार्यशाळेत देताना आवाजाचे वर्णन जॉब कार्डावर ग्राहकाच्या शब्दांत लिहून घेणे ही पहिली पायरी होय. 'सामान्य तपासणी' एवढाच उल्लेख असलेल्या जॉब कार्डावरून पुढे तीच तक्रार वारंवार केली होती हे दाखवता येत नाही. आवाजाचे ध्वनिमुद्रण, वाहनाचे किलोमीटर व तारीख, सर्व्हिसिंगची बिले आणि बदललेल्या भागांची यादी ही जपून ठेवण्याची कागदपत्रे आहेत. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागितले जाते. इंजिन उघडण्यापूर्वी संमती देताना छायाचित्रे घेण्याची आणि काढलेले भाग राखून ठेवण्याची अट लिहून घेता येते.

कार्यशाळा व उत्पादक यांच्याकडून समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि तक्रारदार आपल्या निवासस्थानाच्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. २०२१ च्या नियमांनुसार मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, ५० लाखांहून अधिक ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग यांना अधिकार आहे.

दोष प्रयोगशाळेतील चाचणीविना ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदारास आधी भरावे लागते. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे किंवा नुकसानभरपाई देणे असे आदेश दिले जातात. जिल्हा आयोगाच्या निर्णयाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

याच अधिनियमातील उत्पादन दायित्वाच्या प्रकरणात 'हानी' या शब्दाच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. म्हणून केवळ इंजिन निकामी झाले असेल तर तक्रार सदोष वस्तू किंवा सेवेतील त्रुटी या सदरात करावी लागते. इंजिन अचानक बंद पडून कोणी जखमी झाले असेल, तर उत्पादन दायित्वाचा दावा होऊ शकतो.

एकाच प्रकारचा दोष अनेक वाहनांत असल्यास उत्पादक वाहने परत बोलावतो. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये इंधन पंपातील संभाव्य दोषासाठी वॅगनआर व बलेनो या मोटारींच्या १,३४,८८५ वाहनांची अशी मोहीम जाहीर केली होती. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट केलेल्या कलम ११०-अ नुसार केंद्र सरकारही वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.

## मीरा-भाईंदर परिसर

मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील शहर मुंबईच्या उत्तर सीमेला लागून आहे. तेथील महानगरपालिका २००२ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय महामार्ग ४८ शहराच्या पूर्व भागातून जातो आणि काशिमीरा येथे ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता त्यास मिळतो. दहिसर नाका, काशिमीरा आणि वसई खाडीवरील वर्सोवा पूल या टप्प्यांत वाहनांना बराच वेळ रांगेत थांबावे लागते. रांगेत इंजिन चालू राहते, परंतु किलोमीटर वाढत नाहीत. त्यामुळे किलोमीटरवर आधारलेली ऑइलबदलाची मुदत अशा वापरात अपुरी पडते. अनेक मार्गदर्शक पुस्तिकांत 'कठीण वापर' या सदराखाली अशा वाहनांसाठी कमी मुदत दिलेली असते. वॉरंटीच्या वादात ही तरतूद ग्राहकाविरुद्ध वापरली जाऊ शकते. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटाच्या चढावर भरलेल्या वाहनांतील नॉकिंग व रॉडचा ठोका सपाट रस्त्यापेक्षा लवकर लक्षात येतो.

शहर समुद्र, खाडी व मिठागरे यांच्यामध्ये सखल भागात वसले आहे. जोरदार पाऊस व भरती एकत्र आल्यास रस्त्यांवर पाणी साचते. पाण्यात बंद पडलेले वाहन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास हायड्रोस्टॅटिक लॉकचा धोका असतो. स्टार्टर न फिरवता वाहन ओढून नेणे हा सर्वमान्य उपाय आहे.

परिसरातील रिक्षा व अनेक खासगी मोटारी सीएनजीवर चालतात. सीएनजीमुळे झडपांच्या बैठकीची झीज वाढू शकते. त्यासाठी न बनवलेल्या इंजिनात बाहेरून किट बसवल्यास इंजिनाची वॉरंटी नाकारली जाण्याचा संभव असतो. रिक्षा, टेम्पो किंवा उत्तन किनाऱ्यावरील मासेमारी नौकेचे इंजिन व्यवसायासाठी घेतलेले असले, तरी खरेदीदार स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी त्याचा वापर करत असल्यास कायद्याच्या दृष्टीने तो 'ग्राहक' ठरतो. चालक ठेवून अनेक वाहने चालवणाऱ्या व्यावसायिकास हे संरक्षण सामान्यतः मिळत नाही.

मीरा-भाईंदरमधील रहिवाशांच्या तक्रारी ठाणे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाच्या कक्षेत येतात. राज्य आयोगाचे मुख्यालय मुंबईत आहे.

## हेही पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* ऑक्टेन अंक
* ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
* मोटार विमा
* मीरा-भाईंदर